फरशीवरची ओळ

आमच्या ह्यांना इंग्रजी येत नव्हतं, आणि त्या न येण्यावरच आमचं घर चाललं होतं. आज हे कोणाला सांगितलं तर म्हातारीला चळ लागला म्हणतील, कारण आज जो उठतो तो पोराला इंग्रजी शाळेत घालायला धावतो. पण मुंबईत प्लेग यायच्या तीन-चार वर्षं आधी, गिरगावातल्या आमच्या दीड खोलीत, खरोखरच अशी गत होती.

हे कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, एका सरकारी छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलायचं, डाव्या हातातल्या पट्टीत लावायचं, ओळ भरली की पुढची ओळ. त्या छापखान्यात एक बंद खोली होती. सरकारला जे कागद चारचौघांच्या नजरेस पडू द्यायचे नसत, ते तिथे जुळवले जात. आता अशा खोलीत बसवायला माणूस कसा हवा? हात चपळ, नजर तीक्ष्ण, आणि इंग्रजीच्या नावानं आवळ्याएवढं पूज्य. मूळ कागदावरचा आकार बघायचा, तसाच खिळा उचलायचा, की झालं. ह्यांना इंग्रजीची सगळी अक्षरं डोळे मिटूनसुद्धा बोटांनी ओळखता यायची, पण एका शब्दाचा अर्थ सांगतील तर शपथ. "मी गवंडी," असं ते म्हणायचे. "विटा रचतो. आत कोण राहणार ते मला कशाला?" आणि हे सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. अकरा वर्षं ते त्या खोलीत होते.

खोलीतून बाहेर पडताना रोज झडती असे. पगडी उतरवायची, कोटाचे खिसे उलटे करायचे, धोतर झटकायचं, वहाणांचे तळवे दाखवायचे, आणि हात धुऊन शिपायापुढे पसरायचे. घरी आल्यावर मी चेष्टेनं विचारायची, "आज काही सापडलं का हो?" त्यांना ही चेष्टा मुळीच खपायची नाही. गुप्त कामाच्या बाबतीत त्यांचा स्वभाव सोवळ्यातल्या बाईसारखा, कोणी नुसतं जवळून गेलं तरी शिवाशिव. ट्राममध्ये शेजारी दोन वकील इंग्रजीत बोलायला लागले तर हे उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसायचे. न जाणो, चार शब्द कळायला लागले तर?

आणि अशा माणसाच्या घरात मी इंग्रजी घेऊन आले होते.

माझी आई मी लहान असतानाच गेली. धाकटा भाऊ वडिलांजवळ कोकणात राहिला आणि मला मामानं गिरगावात आणलं. मामाच्या चाळीसमोर मिशनच्या एक मडम मुलींना शिवणकाम शिकवायच्या. मामी मला दुपारची तिथे धाडायची, कारण तेवढाच तिला निवांतपणा. मडमबाईंची रीत अशी, की जाळीच्या कापडावर लोकरीनं आधी इंग्रजी अक्षरं भरायची, मग शब्द, मग त्यांच्या धर्मग्रंथातलं एखादं वचन. आणि जे भरलं ते वाचून दाखवल्याशिवाय पुढचा धागा मिळायचा नाही. धाग्याच्या लोभानं मी चार वर्षांत इंग्रजी पुस्तकं वाचायला लागले. मामाला याचा पत्ता लागला तो माझं लग्न ठरल्यावर. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "अगं, जावई इंग्रजी न येण्यावर पोट भरतो, आणि तू इंग्रजी घेऊन त्याच्या घरात शिरणार? तोंडाला कुलूप लाव." सासरी सांगितलं गेलं की मुलगी मराठी चार बुकं शिकलीय, शिवण सुरेख आहे.

मी कुलूप लावलं. आठ वर्षं लावलं, आणि खरं सांगायचं तर त्याची मला चीड यायची. वाण्यानं हिंग बांधून दिलेला इंग्रजी वर्तमानपत्राचा तुकडा मी चुलीपुढे बसून वाचायची आणि पावलं वाजली की विस्तवात ढकलायची.

मग माझा भाऊ आमच्याकडे राहायला आला. एकोणीस-वीस वर्षांचा, उंच, हसरा, आणि अभ्यासात जेमतेम. सरकारी कचेरीत चिकटायचं तर तेव्हा एक परीक्षा द्यावी लागे. त्यातल्या इंग्रजी लेखनाच्या पेपरात तो दोनदा आपटला होता. ही तिसरी खेप शेवटची, कारण पुढच्या वर्षी वय उलटत होतं. वडिलांनी पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, या वेळी जमलं नाही तर निमूट घरी ये आणि पोफळी शिंप. भावाला परत जायचं नव्हतं. मुंबईचं पाणी एकदा प्यालेला माणूस पोफळी शिंपायला कशाला जातोय?

ह्यांनी त्याला प्रेमानं ठेवून घेतलं, पण एका अटीवर. त्यांच्यासमोर इंग्रजी मोठ्यानं घोकायचं नाही. भाऊ विसरून पुटपुटायला लागला की हे चक्क कानांत कापसाचे बोळे घालायचे. शेवटी तो बिचारा पुस्तक घेऊन देवळाच्या ओट्यावर जाऊन बसायला लागला. दर्शनाला येणाऱ्या बायका म्हणायच्या, काय गुणी मुलगा आहे, सकाळपासून पोथी वाचतोय.

आता ह्यांची एक खोड सांगते. जेवताना भात संपला आणि ताक यायचं आहे, अशा मधल्या वेळात ते डाव्या हातानं पेला उचलून पाणी प्यायचे, आणि मग त्याच हाताच्या ओल्या बोटानं पानाशेजारी फरशीवर काहीतरी काढत बसायचे. दिवसभरात जी ओळ नीट बसली नसेल ती ओळ असायची ती. माणूस दमला की त्याच्या हातांना कामच आठवतं. माझी मामी झोपेत पोळ्या लाटायची. फरशी काळी. पाण्याची रेघ उमटायची आणि बघता बघता वाळून जायची. शिपायानं पगडी तपासली, वहाणा तपासल्या. बोट कोण तपासणार? ह्यांना स्वतःलासुद्धा त्याची शुद्ध नसायची. शिवाय खिळे उलटे असतात, पट्टीतली ओळ हे दिवसभर उलटीच बघत, म्हणून बोटही उलटंच चालायचं. शेजारच्या पाटावर बसलेल्या भावाला पाण्याच्या चार रेघा दिसायच्या, तेवढंच.

पण मी समोर उभी राहून वाढायची. आणि समोरून ती अक्षरं मला हुबेहूब कशिद्याच्या मागच्या बाजूसारखी दिसायची. चार वर्षं मी कापड उलटं करून गाठी मारल्या होत्या. मागून वाचणं मला पुढून वाचण्याइतकंच सोपं होतं.

इतकी वर्षं मी ते बघून न बघितल्यासारखं करत आले होते. 'सदरहू अधिकाऱ्याने' नाहीतर 'अमुक कलमान्वये' असले तुटक शब्द असायचे, त्यांत जीव अडकावा असं काही नव्हतं. एके दिवशी मात्र ताक वाढता वाढता माझा हात थांबला. प्रश्न चौथा, पुढील विषयावर तीस ओळींचा निबंध लिहा. हेच शब्द मी भावाच्या गेल्या खेपेच्या प्रश्नपत्रिकेत वाचले होते. ती त्यानं फडताळाच्या दाराला आतून, ह्यांच्या नजरेआड चिकटवून ठेवली होती.

"आज एक ओळ काही केल्या बसेना," हे ताक ओरपत म्हणाले. "कधी शेवटी जागा उरते, कधी शेपूट बाहेर राहतं. उद्या परत खोलायची."

दुसऱ्या दिवशी जेवताना तीच ओळ पुढे सरकली. समुद्रकाठच्या कोळ्यांच्या एखाद्या गावाचे व तेथील माणसांचे वर्णन करा. माझा भाऊ त्या ओळीपासून हातभर अंतरावर बसून लोणचं मागत होता.

परीक्षा बारा दिवसांवर होती. माझी इकडे आड तिकडे विहीर झाली. भावाला सांगावं तर ह्यांच्या अकरा वर्षांच्या इमानाला मी स्वतःच्या हातानं चूड लावणार. न सांगावं तर सख्खा भाऊ बुडताना काठावर उभं राहून बघायचं. आणि त्यात आणखी एक गुंता होता. आपण कसला कागद जुळवतोय हे ह्यांना ठाऊकच नव्हतं, त्यामुळे आपला मेव्हणा त्याच परीक्षेला बसतोय हे साहेबाच्या कानावर घालणं त्यांना सुचणंच शक्य नव्हतं. उद्या कोणी म्हणालं असतं, प्रश्नपत्रिका जुळवणाऱ्याचाच मेव्हणा पास कसा झाला, दोघं एका पंक्तीला जेवतात म्हणे, तर मी तोंड उघडलं नसतं तरी नोकरी गेलीच असती. तुरुंगसुद्धा डोळ्यांपुढे यायचा. मला सगळ्यांचाच राग यायला लागला. मडमबाईंचा, मामाचा, ह्यांच्या बोटाचा.

भावाला सांगायचं नाही, असं मी ठरवलं. आणि ठरवल्याबरोबर मनानं पळवाट काढली, की सांगायची गरजच काय?

रविवारी मी त्याला म्हटलं, "महालक्ष्मीला जायचंय, सोबत चल. कागद-पेन्सिल घे." देवीपुढे नारळ फोडला. तिच्याकडे काय मागितलं ते लिहीत नाही. मग भाड्याची गाडी वरळीकडे वळवायला सांगितली. भाऊ म्हणाला, "ताई, इकडे कुठे?"

"वारा खायला. घोकून घोकून डोकं शिणलंय तुझं. तुझे मास्तर म्हणतात ना, डोळ्यांनी बघितलेलं लिहावं? मग जे दिसेल ते लिही."

वरळीच्या कोळीवाड्यात बांबूंवर बोंबील वाळत होते. होड्या वाळूवर ओढून ठेवल्या होत्या आणि एक म्हातारी कोळीण फाटलेलं जाळं सांधत बसली होती. भाऊ उत्साहानं तिच्यापाशी गेला आणि विचारायला लागला, होड्या किती, घरं किती, माणसं किती. अंगात पांढरा कोट, हातात कागद. म्हातारीनं सुई खाली ठेवली.

"काय रं, सरकारचा मानूस हायेस? होऱ्या मोजाला आयलास?"

"नाही हो आजी, मी अभ्यासासाठी विचारतोय."

"अब्यास तुझ्या घरा कर. आमचे घरची गोष्ट आमी कोनाला सांगत नाय. जा."

तिचं बोलणं मला झोंबलं. तिनं आपल्या घरची गोष्ट परक्याच्या हाती लागू दिली नाही, आणि मी गाडीभाडं भरून आमच्या घरची गोष्ट पोचवायला आले होते. तरी मी तिथून मागे फिरले नाही, हेही लिहिलं पाहिजे. भाऊ लांब जाऊन वाळूत बसला आणि तासभर लिहीत राहिला. समुद्रकाठचाच पोरगा तो, विषय त्याला आवडला. घरी आल्यावर पुढचे दोन दिवस तो निबंध कल्हई केल्यासारखा लख्ख करत होता.

बुधवारी हे घरी आले. पाटावर बसले, पण भाताला हात लावेनात. खोदून विचारल्यावर बोलले. त्यांच्या शेजारी बसून खिळे जुळवणारा माणूस, चौदा वर्षं त्या खोलीत काढलेला, त्या दिवशी कामावरून गेला. झडतीत त्याच्या वहाणेच्या तळाला प्रुफाचा ओला तुकडा चिकटलेला सापडला, बोटाच्या पेराएवढा. त्यावर तीन अक्षरं होती.

"त्यानं मुद्दाम नेला नव्हता गं," हे म्हणाले. "शाईनं चिकटला. पण घाबरला आणि म्हणाला, या वहाणा माझ्या नाहीतच. तिथे फसला. साहेब म्हणाला, चूक मी पोटात घातली असती, खोटं नाही घालणार."

त्या दिवशी ह्यांचं बोट फरशीवर चाललं नाही. मी ताक वाढायला विसरले आणि त्यांनी मागितलंही नाही. तीन अक्षरांवर एक संसार रस्त्यावर आला होता. मी तर अख्खी ओळ गाडीत घालून वरळीपर्यंत मिरवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ देवळाच्या ओट्यावर गेला. हे पगडी चढवत होते. मी दार लोटून घेतलं आणि म्हटलं, "अहो, मला इंग्रजी येतं."

ते हसले. "सकाळी सकाळी चेष्टा नको."

मी पेल्यात बोट बुडवलं, खाली बसले आणि ती ओळ फरशीवर लिहिली, सुलटी, शेवटच्या अक्षरापर्यंत. ते वाकून बघत राहिले. अर्थ त्यांना कळत नव्हता, पण दोन दिवस छळलेली आपली ओळ त्यांनी ओळखली. चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी उपरण्यानं फरशी पुसली. पाणी आपोआप वाळलंच असतं, तरी पुसली.

"ही कुठून आली?"

"तुमच्या बोटातून."

मी सगळं सांगून टाकलं. मडमबाई, कशिदा, मामानं लावलेलं कुलूप, प्रश्न चौथा, भावाची परीक्षा. ते उभेच होते.

"त्याला सांगितलंस?"

"नाही. पण वरळीला नेलं."

"म्हणजे सांगितलंसच की."

तरी मी पळवाट शोधलीच. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. तो निबंध चुलीत घालते, त्याला दुसरे दहा विषय घोकायला लावते, कोणाला कळणार आहे? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"कालपर्यंत मला काही कळत नव्हतं म्हणून मी त्या खोलीत बसलो," ते म्हणाले. "आज मला एक ओळ कळली. आता तिथे बसू कसा?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं बोलून मी मोकळी झाले, आणि त्याच घटकेला त्यांची अकरा वर्षं संपवली. मला रडू फुटलं. उंबऱ्यापाशी ते थांबले आणि म्हणाले, "आठ वर्षं गं?" एवढंच. मग जिना उतरून गेले.

तो दिवस मी कसा काढला ते मलाच माहीत. आमटीत दोनदा मीठ घातलं आणि भावाला म्हटलं, खारट लागली तर वरून पाणी पी. चाळीत कोणी मोठ्यानं हसलं तरी मला वाटायचं, बातमी आली. नोकरी गेली तर कोकणात जाऊन दोघांनी पोफळी शिंपायच्या, इथपर्यंत मी मनाशी पोचले होते. आणि त्याहून जास्त ती "आठ वर्षं गं" कानातून जात नव्हती. नोकरी काय, दुसरी मिळते. माणसाचा विश्वास उडाला तर तो कुठून आणायचा?

दुपारी तीनच्या सुमारास, भाऊ परत ओट्यावर गेलेला असताना, जिन्यावर त्यांच्या वहाणा वाजल्या. सरकारी माणूस तीन वाजता घरी येतो तो एक तर तापानं फणफणून, नाहीतर नोकरी गमावून. मी भिंतीला टेकून उभी राहिले. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि पाटावर बसून सगळं सांगितलं.

ते थेट साहेबापुढे गेले आणि म्हणाले, माझा मेव्हणा परीक्षेला बसतोय. मध्ये हेडक्लार्क दुभाष्या. साहेबाचा पहिलाच सवाल, की तू परीक्षेचा कागद जुळवतोयस हे तुला कसं कळलं? इथे दुसऱ्यानं काहीतरी थाप मारली असती. ह्यांना थाप सुचत नाही, हा त्यांचा जन्माचा दोष. त्यांनी सांगितलं, बायकोनं वाचलं. कुठे? फरशीवर. साहेबाला पटेना. त्यानं टेबलावर पाण्याचा पेला ठेवला आणि म्हणाला, काढून दाखव. आता मुद्दाम काढायला गेल्यावर ह्यांचं बोट काही चालेना! साहेब लाल व्हायला लागला. शेवटी हेडक्लार्कनं डोकं लढवलं. स्वतःचा फराळाचा डबा उघडून त्यानं ह्यांच्यापुढे ठेवला, आणि गावाकडे पाऊसपाणी कसं आहे, यंदा आंबा धरला का, असल्या गप्पा काढल्या. साहेबाच्या टेबलावर पोहे खात बसलेले हे माझ्या डोळ्यांपुढे आले आणि त्या स्थितीतही मला हसू आलं.

निम्मे पोहे संपले आणि डावं बोट पेल्याकडे गेलं. मग टेबलावर चालायला लागलं. समोर बसलेल्या साहेबानं मान वाकडी करून पाहिलं, मग भिंतीवरचा आरसा काढून आणवला, टेबलाशी धरला आणि ओळ वाचली. वाचून झाल्यावर तो बराच वेळ स्वतःच्याच बोटाकडे बघत होता म्हणे.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. तो कागद मोडायचा, प्रश्न नवे यायचे. मी उद्यापासून मराठी खिळ्यांवर. साहेब म्हणाला, जो आपण होऊन सांगायला येतो त्याला काढला, तर उद्या कोणीच सांगायला येणार नाही."

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच फरशीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ह्यांनी पगडी खुंटीला अडकवली, कोट काढला. कोपऱ्यातल्या कोनाड्यात त्यांचा कापूस असायचा, कानांसाठी ठेवलेला. तो त्यांनी उचलला आणि खिडकीतून खाली टाकून दिला.

"उद्यापासून जे जुळवीन ते मला कळणार," ते म्हणाले. "भीतीच वाटते." आणि कोटाची घडी घालत, "ती मडमबाई काय शिकवायची ते मलाही शिकव. आता मनाई नाही." त्यांनी मला माफ केलं हे मला या वाक्यात कळलं. त्या बंद खोलीचा मान मात्र गेला, तो गेलाच. पुढे कितीतरी दिवस ते तिच्या दारावरून जाताना मान खाली घालायचे.

भावाला यातलं काही कळू द्यायचं नाही, हे आम्ही तेव्हाच ठरवलं. त्याला सांगितलं, भावोजींची नजर मंदावली म्हणून मराठीकडे बदली झाली. माझं इंग्रजीही त्याच्यापुढे निघता कामा नये, नाहीतर दोनावर दोन चार करायला त्याला वेळ लागला नसता. आणि त्याला कळलं असतं तर त्यानं ते पोटात ठेवलं असतं का? माझा भाऊ चांगला आहे, पण त्याच्या पोटात लाडूसुद्धा टिकत नाही.

उरलेले दिवस आम्ही दोघं काट्यावर बसून काढले. सरकारी काम आणि सहा महिने थांब. कोणाच्या आळसानं जुनाच कागद छापला गेला तर? साहेबाच्या शब्दावर ह्यांचा विश्वास होता, माझा कारकुनांवर नव्हता. भाऊ मधूनमधून वरळीचा निबंध काढून हलक्या आवाजात घोकायचा आणि मी भांडी मुद्दाम मोठ्यानं आपटायची.

इंग्रजी लेखनाचा पेपर झाला त्या दिवशी हे रजा काढून घरी राहिले. संध्याकाळी जिन्याच्या तोंडाशी आम्ही दोघं उभे. भाऊ पाय ओढत वर आला.

"निबंध कशावर आला?" दोघांनी एकदमच विचारलं.

"वाफेच्या यंत्राचे उपयोग," तो म्हणाला आणि पुस्तक कट्ट्यावर आपटलं. "मी काय लिहिणार, डोंबल? चार ओळींत यंत्र बंद पडलं."

हे मटकन पायरीवर बसले आणि हसायला लागले. इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मी आत धावले, साखरेचा डबा आणला आणि भावाच्या हातावर मूठभर साखर ठेवली.

"भावोजी, हसताय काय? आणि ताई, ही कसली साखर? माझा पेपर बुडाला!"

सख्ख्या भावाचा पेपर बुडाला होता आणि मी साखर वाटत होते. इतका निखळ आनंद मला पुढे मुलगा झाला तेव्हाही झाला नाही, देव मला क्षमा करो.

तो नापास झाला. पण गावी गेला नाही. परळच्या एका गिरणीत हजेरी लिहिण्याच्या कामाला चिकटला, लालबागेत बिऱ्हाड केलं, लग्न झालं, पोरंबाळं झाली. बरं चाललं आहे त्याचं. तरी दर भाऊबीजेला जेवण झालं की त्याचं एक दुःख वर येतं. "ताई, तो वरळीचा विषय आला असता तर आज मी मामलेदार असतो." मग तो खिशातून निबंधाचा तो जुना, घडीवर फाटलेला कागद काढतो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवतो. एकेका वाक्याला थांबून आम्हाला मराठीत अर्थ समजावतो, कारण ताईला आणि भावोजींना इंग्रजी येत नाही अशी त्याची आजही समजूत आहे. आम्ही दोघं समोर बसून, पहिल्यांदाच कळतंय अशा तोंडानं, दर वर्षी तो ऐकतो.